खोकं आधी सावलीत ठेवा

पणजी

ती. आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र खोक्यातच ठेवलंय. खोकं आधी माजघरात ठेवा, मग वाचा. आत चॉकलेट आहे, ३४ अंशांच्या आसपास वितळतं. वर पांढुरका थर दिसला तर ती बुरशी नव्हे, कोकोचं तूप वर येऊन गोठलेलं असतं. फेकू नका. दुकानदारीणबाई केरळातून बिया आणून स्वतः भाजतात, पाखडतात आणि दगडी ग्राइंडरवर दिवसरात्र दळतात. काळी वडी बाबांची, कमी साखरेची.

ताईला लाल चौकडीची कुणबी साडी घेतलीय. इथल्या शेतकरी बायका ती आखूड नेसून खांद्यावर गाठ मारत. गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ती नव्यानं लोकांपुढे आणली. चितारींच्या रंगीत लाखेचे दोन पाट वेगळे बांधलेत, जोडीला बसायला.

या खरेदीला वेळ का लागला ते सांगते. इथं एक वाजला की जुन्या पेठेतली दुकानं बंद. म्हणजे कुलूप नाही, शटर अर्धं खाली. आतून मालकाचे पाय दिसतात, आपली साडी समोर टांगलेली, आपल्या हातात पैसे. तरी ‘साडेतिनांक यो, बाय.’ रागानं नाही हं, मायेनं. पाणी विचारील, पण विकणार नाही. जेवण, झोप, चहा झाला की उघडणार, आणि आठाला परत बंद. रविवारचं तर नावच काढू नका. पुण्याच्या मावशीला हे सांगू नका, ती म्हणेल यात नवल ते काय!

आई, दारूचं पुन्हा विचारलंस. कोल्हापुरात तालमी आहेत म्हणून तू कुस्ती खेळतेस का? हॉटेलात मी हिशेबाच्या खोलीत असते, उशीर झाला तर गाडी घरी सोडते. जेवणही नीट चाललंय.

साखरपुड्याला येणं जमत नाही. डिसेंबर म्हणजे इथला सीझन, कुणालाच रजा नाही. सोन्याच्या कर्जाचा हप्ता टाकलाय, वरचे पैसे हॉलच्या आगाऊ रकमेला धरा. चॉकलेटच्या किमती मी खोडल्यात, उगाच शोधू नका. लग्नाला मात्र आठ दिवस आधी येते, हळद मीच दळणार. ताईला म्हणावं रागावू नकोस. बरं, रागाव, पण फोन उचल.

माझ्या स्थळाचं इतक्यात काढू नका. ‘धाकटी कुठंय?’ असं कुणी विचारलंच तर चॉकलेट पुढं करा.

तुमची,
सुमी