हातमोजे बाजूला सारणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सादर नमस्कार. आपल्या दवाखान्यातून निघताना माझा कंठ दाटून आला होता आणि आभाराचे शब्द तसेच राहून गेले, म्हणून हे पत्र.

आमच्या सहा वर्षांच्या लेकाला इसब आहे, हे कळायला आम्हाला दोन वर्षे लागली. नागपूरच्या महाल भागातल्या एका औषध दुकानदाराने ‘गजकर्ण’ म्हणून जी ट्यूब दिली, तिच्यात तीव्र स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक यांची खिचडी होती, हे आपण सांगेपर्यंत आम्हाला ठाऊक नव्हते. चार दिवस चट्टे मावळले आणि मग दुपटीने पेटले. एका डॉक्टरांनी खुर्चीतून न उठता ‘अंगातली उष्णता’ असे निदान केले. नातेवाइकांनी वांगी, दही, अंडी बंद करवली. पोर वाळले, खाज मात्र होती तिथेच राहिली. सर्वांत वाईट म्हणजे माझ्या आईने त्याचा टॉवेल वेगळ्या दोरीवर वाळत घालायला सुरुवात केली आणि मी ते पाहून गप्प बसलो.

त्या दिवशी आपण टेबलावरचा हातमोज्यांचा खोका बाजूला सारलात, हात धुतलेत आणि त्याच्या कोपराच्या खळगीत स्वतःच्या उघड्या बोटांनी मलम लावलेत. “तुम्हाला पण होईल ना?” असे त्याने विचारले, तेव्हा “नाही होत रे बाबू,” एवढेच म्हणून आपण दुसरा हात पुढे घेतलात. आई शेजारीच उभी होती.

कारणे आपण नंतर समजावलीत. अनेक मुलांत त्वचेचा बांध घट्ट ठेवणारे फिलॅग्रिन नावाचे प्रथिन जन्मतःच कमी पडते, त्यामुळे आतला ओलावा उडतो आणि बाहेरचे त्रासदायक घटक आत शिरतात. शास्त्राला हे २००६ पासून ठाऊक आहे. आमच्या गल्लीपर्यंत ते पोहोचायचे आहे. नागपूरचा पंचेचाळीस अंशांचा मे आणि त्यातला घाम खाज वाढवतो, तर हिवाळ्यातली कोरडी हवा कातडी तडकवते. कोमट पाण्याने थोडक्यात अंघोळ, अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर आणि चट्टे उसळले की ठरलेल्या दिवसांपुरतेच सौम्य स्टेरॉइड. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढे मलम दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते, हे आपण माझ्याच बोटावर दाखवलेत. इसब पुन्हा डोके वर काढू शकतो, हेही आपण लपवले नाहीत, आणि खोट्या आश्वासनांना विटलेल्या माणसाला त्या स्पष्टपणाचेच बळ वाटले. समोरच्याला न घाबरवता आणि न फसवता खरे सांगणे हा सभ्यपणा अलीकडे दुर्मीळ झाला आहे.

त्याच संध्याकाळी आईने तो वेगळा टॉवेल दोरीवरून काढला. आता रात्री नातवाला मलम ती स्वतः लावते, मला हात लावू देत नाही, आणि पेर कुणाचे मोजायचे, तिचे की माझे, यावर आमचा रोज वाद होतो.

आपला ऋणी,
एका नागपूरकर मुलाचा बाप