रिपोर्टवर पाळीचा दिवस लिहीत जा

दारव्हा, जि. यवतमाळ

चि. स्वातीस अनेक आशीर्वाद.

तुझे दोन्ही रिपोर्ट पाहिले. पाळीच्या तिसऱ्या दिवशी एकूण कोलेस्टेरॉल 208 आणि ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, 130. मूल होण्यासाठीच्या उपचाराची इंजेक्शने सुरू असताना तेच कोलेस्टेरॉल 181, ट्रायग्लिसराइड मात्र 240. एवढ्यावरून तुझ्या सासूबाईंनी तूप आणि तर्री दोन्ही बंद केले, हे ऐकून मला हसू आले.

स्त्रीबीज वाढताना इस्ट्रोजेन चढते आणि ते यकृताला रक्तातले एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, अधिक ओढून घ्यायला लावते. त्यामुळे पाळीनंतर जास्त असलेले एलडीएल बीज सुटल्यानंतरच्या दिवसांत उतरते, तर एचडीएल, म्हणजे चांगले कोलेस्टेरॉल, बीज सुटण्याच्या सुमारास सर्वांत वर असते. अमेरिकेत 259 निरोगी स्त्रियांचा अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात एका चक्रात एकूण कोलेस्टेरॉल सरासरी 19 टक्क्यांनी हललेले दिसले. तुझ्या उपचारात तर एकाऐवजी अनेक बीजे एकदम वाढवतात, म्हणजे इस्ट्रोजेन नेहमीच्या कितीतरी पट होते, आणि तेच यकृताकडून ट्रायग्लिसराइडही जास्त बनवून घेते. ग्रामीण रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत आमच्या फॉर्मवर वय होते, उपाशीपोटी की जेवून याची जागा होती, पण पाळीचा दिवस कोणी विचारत नसे.

तरीही ट्रायग्लिसराइडकडे दुर्लक्ष करू नकोस, कारण तुझ्या बाबांचे आणि आत्याचेही वाढलेले असते. घराण्यातच हा कल असला की इस्ट्रोजेनच्या उपचारात आकडा फार वर जाऊ शकतो. 500 च्या पुढे गेला तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळव, कारण हजाराच्या आसपास स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका खरा असतो. पोटात वरच्या बाजूला कळ येऊन ती पाठीकडे जाऊ लागली, तर पित्त म्हणून ओवा खात बसू नकोस, सरळ दवाखाना गाठ. पुढे गोठवलेला गर्भ गर्भाशयात सोडायचा ठरला, तर तोंडाने घ्यायची इस्ट्रोजेनची गोळी आधी यकृतात जाते. तिच्याऐवजी कातडीवर लावायची पट्टी चालेल का, हे घराण्याची माहिती देऊनच विचार. बाबांची कोलेस्टेरॉलची गोळी मात्र मनाने घेऊ नकोस; गर्भधारणेच्या तयारीत ती सहसा बंदच ठेवतात.

यापुढे रक्त देताना चिठ्ठीवर पाळीचा दिवस आणि चालू इंजेक्शनचे नाव लिहवून घे. उपचार थांबला, तर पुढच्या पाळीच्या तिसऱ्या दिवशी बारा तास उपाशी राहून त्याच लॅबमध्ये तपास. दिवस राहिले, तर हे आकडे आपोआप वाढतातच, तेव्हा पुन्हा केव्हा तपासायचे ते डॉक्टरच सांगतील.

तुझी आई