बाबा, महिनाभर माझ्याकडे

ती. आई-बाबांस,
सा. न.

मंगळवारी डिस्चार्ज देतील असं डॉक्टर म्हणाले. तिथून तुम्ही दोघं थेट माझ्याकडे यायचं. गाडी सांगून ठेवली आहे. बाबा, न विचारता ठरवलं म्हणून चिडू नका. मागच्या वेळी तुमचं ऐकलं आणि काय झालं ते आपण तिघांनीही पाहिलंय.

महिनाच का, ते सांगते. अमेरिकेतल्या मेडिकेअरच्या, म्हणजे मुख्यतः वयस्कांसाठी असलेल्या तिथल्या सरकारी आरोग्य विम्याच्या, रुग्णांचा एक मोठा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. घरी सोडलेल्या दर पाच जणांमागे जवळजवळ एक जण ३० दिवसांच्या आत पुन्हा भरती झाला होता. ऑपरेशनसाठी नव्हे तर आजारपणासाठी राहून गेलेले जे परत आले, त्यांच्यातल्या निम्म्या जणांनी मधल्या काळात डॉक्टरांना दाखवल्याची नोंदच नव्हती. म्हणून तुमची तपासणी मी पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकली आहे. शिवाय हॉस्पिटलात झोप मोडते, जेवण जात नाही, पडून पडून पायातलं बळ जातं. त्या अशक्तपणात माणूस भलत्याच दुखण्याने परत भरती होतो. तुमच्या तब्येतीत काही कमी आहे असं मला म्हणायचं नाही. हे दिवसच नाजूक असतात.

खोली खालचीच आहे, जिना नाही. बाथरूम लागून आहे, दांडी बसवून घेतली. रात्रीचा दिवा मंद ठेवीन. तुमची खुर्ची आणि रेडिओ दादा आणून देणार आहे. आई, तुझा पलंग शेजारीच आहे, पण रात्री मी उठणार, तू झोपायचंस. तुलाही आता विश्रांती हवी.

माझ्या टायफॉइडमध्ये तुम्ही माझा ताप कॅलेंडरच्या पाठीवर लिहायचात, बाबा. मी थर्मामीटर झटकून द्यायचे, तेही तुम्हाला कळायचं. मग पुन्हा लावायला लावायचात आणि केसांतून हात फिरवत बसायचात. तशीच वही मी आता तुमच्यासाठी केली आहे.

रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करायचं. एका दिवसात किलोभर किंवा आठवड्यात दोन किलो वाढलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. ते अंगात पाणी साठण्याचं लक्षण असू शकतं. पायाला सूज आली किंवा आडवं पडल्यावर धाप लागली, तर 'बघू उद्या' चालणार नाही. गुडघ्यासाठी मनाने वेदनाशामक गोळी घ्यायची नाही, त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी पाणी साठतं आणि मूत्रपिंडावर ताण येतो. मीठ वरून घ्यायचं नाही.

आई, घरातल्या सगळ्या जुन्या गोळ्या पिशवीत भरून आण. एकच औषध दोन नावांनी दोनदा पोटात जाऊ शकतं. डिस्चार्जच्या कागदाशी आपण एकेक पट्टी जुळवून पाहू. चष्मा आणि जुने रिपोर्ट विसरू नकोस.

तुमची,
धाकटी