मक्या, ते ४१ मेसेज तुझे आहेत

नौपाडा, ठाणे
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

प्रिय मक्या,

व्हॉट्सॲपवर तीनदा लिहायला घेतलं आणि तीनदा पुसलं. तिथे तू नुसता अंगठा दाखवतोस आणि मला पुढचं सुचत नाही. विन्याच्या तेराव्यानंतर आपण धड बोललेलो नाही, त्याला आता अडीच वर्षं होतील. आज सगळं लिहूनच टाकतो. तब्येत बरी आहे, शुगर गोळीवर, आई ठीक.

आमची सोसायटी एकदाची रीडेव्हलपमेंटला गेली. मार्चअखेर घर रिकामं करायचंय. म्हणून डिसेंबरात माळा उपसला, तेव्हा पितळी डब्यांच्या मागे बनियनच्या खोक्यात ती सापडली. आपली ५४० एमबीची हार्ड डिस्क, आपल्या तिघांच्या बुलेटिन बोर्डाची, फोनवरून डायल करून मेसेज लिहायच्या त्या फळ्याची. वर माझ्याच अक्षरात चिकटपट्टी लावलेली: ‘गच्ची. पुसू नये.’

लॅमिंग्टन रोडवरून आयडीई ते यूएसबी असा अडॅप्टर आणला. डिस्क पहिल्या दोन वेळा नुसती टकटक करत राहिली, तिसऱ्या वेळी फिरली. रिमोटॲक्सेसचा, म्हणजे आपल्या बोर्डाच्या सॉफ्टवेअरचा फोल्डर जसाच्या तसा होता आणि गच्चीवरचे मेसेज ज्यात साठवले होते त्या जॅम पद्धतीच्या जेएचआर, जेडीटी, जेडीएक्स, जेएलआर या चारही फाइली शाबूत. विन्या या जॅमला आयुष्यभर मिक्स फ्रूट म्हणत आला. जोआकिम, अँड्र्यू आणि मॅट्स यांच्या आद्याक्षरांवरून ते नाव पडलंय हे मी त्याला किती वेळा सांगितलं असेन! ‘चव बदलत नाही ना?’ म्हणायचा.

मला राहवेना. घरातल्या रास्पबेरी पाय या चिमुकल्या कॉम्प्युटरवर सिंक्रोनेट हे बोर्ड चालवायचं सॉफ्टवेअर चढवलं, मेसेज आत घ्यायला एक छोटी स्क्रिप्ट लिहिली आणि जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात गच्ची पुन्हा उभी केली. एकूण ४१२ मेसेज. आपलं ते रोमन लिपीतलं मराठी, ‘kay re’ नव्हे, ‘काय रे’ असंच डोक्यात वाचलं जातं, पाहा. तुझी ती ‘भेटू तलावपाळीला’ची सही प्रत्येकाखाली आहे. ऑक्टोबरात वॉर्ड क्रिस्टेन्सन गेल्याचं वाचलंस का? विन्या त्याची गोष्ट किती रंगवून सांगायचा: १९७८ चा जानेवारी, शिकागोत बर्फाचं वादळ, बाहेर पडता येईना म्हणून त्याने आणि रँडी स्यूसने जगातलं पहिलं बुलेटिन बोर्ड बांधायला घेतलं आणि फेब्रुवारीत सुरूही केलं. ‘आपल्याकडे बर्फ नाही, पण जुलैत गोखले रोड तुंबतो, तेवढ्यावर भागवू.’ आणि खरंच, जुलैतच सुरू केलं होतं आपण.

मग मी सईला सांगितलं. सांगायला नको होतं का, हे मला अजून कळत नाही. ऐरोलीला नोकरी करते ती आता. हसताना अगदी विन्या. ‘शिरीषकाका, मला बाबांचं वाचायचंय,’ म्हणाली. मी तिला बोर्डात शिरायचं सिंकटर्म कसं टाकायचं ते फोनवर सांगितलं, खातं उघडून दिलं आणि खुशीत झोपलो.

सकाळी तिचा मेसेज: ‘काका, गच्ची नावाचं काही दिसतच नाही.’

मी माझ्या खात्याने आत गेलो. मला सगळं दिसत होतं. तिला म्हटलं, नीट बघ. ती म्हणाली, नाहीच आहे. एक अख्खी रात्र मी तिचं टर्मिनल, तिचा इंटरनेट, तिच्या सेटिंग्ज यांच्या मागे घालवली. मी सिसॉप, म्हणजे बोर्ड चालवणारा, माझी लेव्हल ९९. मला कुठलंच दार बंद दिसत नाही. दुसऱ्याला काय दिसत नाही हे मला माझ्या खुर्चीवरून कळणारच नव्हतं. दुसऱ्या रात्री ‘पाहुणा’ नावाचं साधं खातं काढलं, लेव्हल ५०, आणि तिच्यासारखा बाहेरून आलो. गच्ची गायब!

मग उकल लागत गेली. दारं एकामागे एक असतात. आधी ग्रुपची अट, मग आतल्या सब-बोर्डाची, म्हणजे गच्चीची, मग वाचायची वेगळी, लिहायची वेगळी. सब-बोर्डाला मी ‘जी’ (G) फ्लॅग, म्हणजे परवानगीचं अक्षर, मागितला होता, पहिल्या संचातला. सईला दिला होता तोही ‘जी’च, पण दुसऱ्या संचात. चार संच असतात, प्रत्येकात ए ते झेड, आणि माझं बोट एक ओळ खाली पडलं होतं. तो दुरुस्त केला तरी गच्ची दिसेना, कारण बाहेरच्या ग्रुपलाच मी लेव्हल ६० लावून ठेवली होती आणि तिची ५०. आतली किल्ली हातात, आणि जिन्याचं लोखंडी दार बंद. ग्रुपला ‘लेव्हल ६० किंवा फ्लॅग जी’ अशी अट केली. तो ‘किंवा’ स्पष्ट लिहावा लागतो, नुसतं शेजारी शेजारी लिहिलं तर दोन्ही हवंच असं ते धरतं. पाहुण्याला गच्ची दिसली, वाचताही आली. तिलाही.

तीन दिवस तिने काही कळवलं नाही. चौथ्या दिवशी फोन आला. आवाज बसलेला. म्हणाली, ‘काका, मधलं मधलं नाहीये. बाबा एका ठिकाणी लिहितात, काल लिहिलं ते मनावर घेऊ नकोस. पण काल त्यांनी काहीच लिहिलेलं नाही.’

मला वाटलं स्क्रिप्ट चुकली. मोजून पाहिलं. माझ्याकडे ४१२. पाहुण्याकडे ३७१.

मक्या, बोर्डाच्या सगळ्या अटी पार केल्या तरी प्रत्येक मेसेजच्या कपाळावर स्वतःची एक खूण असते. जॅममध्ये ‘खाजगी’ची खूण त्या मेसेजच्या हेडरमध्येच लिहिलेली. स्क्रिप्टने ती इमानाने इकडे आणली. ती खूण असलेला मेसेज लिहिणाऱ्याला दिसतो, ज्याला लिहिला त्याला दिसतो आणि बोर्डाच्या ऑपरेटरला दिसतो. आणखी कुणाला नाही. मी फक्त हेडर काढून पाहिले. ४१ च्या ४१ मेसेजवर दोनच नावं आहेत. विन्याचं आणि तुझं.

म्हणजे बिघडलेलं काही नव्हतंच. तुम्ही दोघांनी २८ वर्षांपूर्वी जसं ठेवलं होतं तसंच ते राहिलं होतं.

सईला एवढंच सांगितलं की ते खाजगी आहेत. तिने लगेच विचारलं, ‘मग मी बाबांच्या नावाने खातं उघडलं तर?’ हुशार पोरगी. बरोबर आहे तिचं, हे सॉफ्टवेअर माणूस ओळखतं ते नावावरून. उद्या तिने त्याचं नाव टाकून खातं उघडलं तर सगळे ४१ तिच्यापुढे उघडे होतील. मी नाही म्हणालो. जरा जोरात म्हणालो. तिने फोन ठेवला. रात्री वहिनींचा फोन आला. रागावल्या नव्हत्या, पण म्हणाल्या, ‘तिच्या बापाचं आहे ते, भाऊजी.’ मी त्यांना काय सांगू? मेसेज अर्धा लिहिणाऱ्याचा आणि अर्धा ज्याला लिहिला त्याचा असतो असं मला वाटतं. विन्याचा अर्धा कदाचित त्यांचा असेल. तुझा अर्धा त्यांना देणारा मी कोण?

आता ज्याच्यासाठी कागद घेतला ते. तू तलावपाळीवर मला विचारलं होतंस. जुलै ९७, पाऊस, घोड्याच्या बग्ग्या ताडपत्री टाकून उभ्या होत्या. ‘तू सिसॉप आहेस, तुला सगळं दिसतं. तू आमचं वाचतोस का?’ मी आईची शपथ घेऊन नाही म्हणालो. तू विश्वास ठेवला नाहीस, मी चिडलो, आणि पुढचे सात महिने आपण बोललो नाही. विन्या बिचारा दोघांकडे निरोप पोचवत राहिला. त्या भांडणात तू चुकलास असं मी पुढे कित्येकांना सांगितलं. तुझ्या लग्नातही सांगितलं.

मी वाचला होता. एकच. खाजगीची सेटिंग नीट चालते का ते तपासत होतो, समोर उघडला, आणि बंद करायच्या ऐवजी पाचसहा ओळी वाचत गेलो. विन्याने तुला आठ हजार मागितले होते, आप्पांच्या ऑपरेशनसाठी. शेवटी लिहिलं होतं, शिऱ्याला कळू देऊ नकोस, तो लगेच त्याचे मॉडेमचे पैसे काढून देईल.

मक्या, माझ्याकडे तेव्हा साडेनऊ हजार जमले होते, २८.८ च्या मॉडेमसाठी. मी दिले असते तर त्याला कळलं असतं की मी वाचतो. म्हणून नाही दिले. पंधरा दिवसांनी मॉडेम आणला. त्याच मॉडेमवर तो रात्री साडेअकराला डायल करायचा, आप्पा एक्स्टेन्शन उचलून ‘कोण किंचाळतंय?’ ओरडायचे आणि लाइन तुटायची. आपण तिघंही त्यावर इतकं हसायचो. मला त्या हसण्यातसुद्धा ते आठ हजार आठवायचे. तू कुठून आणलेस रे तेव्हा? तुझाही पगार सुरू झाला नव्हता.

तो असताना त्याला सांगायला हवं होतं. हॉस्पिटलात त्याच्याजवळ एकटा तासभर बसलो होतो, तेव्हाही सांगितलं नाही, मॅचबद्दल बोललो. आता तुलाच सांगू शकतो.

आणि म्हणूनच सईसाठी जीव घाबरतो. त्या एका मेसेजात तिचा बाप पैशासाठी हात पसरतोय. बाकीच्या ४० मध्ये काय आहे मला माहीत नाही, मी उघडलेले नाहीत. या वेळी शपथ घेत नाही, नुसतं सांगतो. मुलीला बापाचं सगळं कळावं असं एकदा वाटतं, आणि तासाभराने वाटतं की त्याने खूण करताना विचार करूनच केली असेल. रोज रात्री सेटिंगच्या पानापर्यंत जातो आणि परत येतो. खूण काढायला एक मिनिट लागतं.

म्हणून असं केलंय. ते ४१ मेसेज मी रास्पबेरी पायवरून काढले, बॅकअपमधूनही. आता ते फक्त मूळ डिस्कवर आहेत, आणि डिस्क उद्या स्पीड पोस्टाने तुझ्याकडे रत्नागिरीला निघतेय, सोबत अडॅप्टर आणि वाचायची स्क्रिप्ट. तू वाच. सईला द्यायचे ते तू दे, सगळे दे, एकही देऊ नकोस, मी विचारणार नाही. फक्त तिला फोन कर, मक्या. ‘मकरंदकाका काही बोलतच नाहीत’ असं ती दोनदा म्हणाली. नंबर तोच आहे. गच्चीवर तिला लिहायची परवानगी उघडून दिलीय, तिने विन्याच्या एका मेसेजखाली उत्तर लिहिलंय. ते खाजगी नाही, तूही वाचू शकतोस. तुझं खातं जुन्याच नावाने काढलंय, पासवर्ड चिठ्ठीत आहे.

कलमांना मोहोर कसा आहे यंदा? ओंकारचं कॉलेज कुठलं ते तू सांगितलं होतंस, मी विसरलो. काकूंच्या गुडघ्याचं काय ठरलं? सविस्तर लिही.

डिस्क जुनी आहे, जपून. चपटी केबल लावताना तिची लाल कडा पॉवरच्या पिनांकडे येऊ दे, उलटी लावू नकोस. टकटक केली तर बंद करून दहा मिनिटं थांब आणि परत लाव. तिसऱ्या वेळी फिरते.

तुझा,
शिऱ्या