एकतीस अर्धवट मसुदे आणि तुम्ही

प्रिय ताई,
स. न. वि. वि.

तुम्ही माझ्या मसुद्यांचा फोल्डर पहिल्यांदा उघडलात तेव्हा त्यात एकतीस लेख होते आणि एकही पुरा नव्हता. ब्लॉग सुरू करून दीड वर्ष झालं होतं, प्रसिद्ध केलेल्या नोंदी जेमतेम सहा. त्यातल्या तीन ‘बऱ्याच दिवसांनी लिहितोय, क्षमस्व’ने सुरू होत होत्या. ‘माफी कोणाची मागतोस? कोणी वाट बघत होतं का?’ एवढंच विचारलंत. लागलं मला ते. पण ते वाक्य पुन्हा कधी लिहिलं नाही.

मग ‘सुचतच नाही’ हे माझं नेहमीचं रडगाणं. त्यावर तुम्ही थेट शब्दाच्या मुळाशी गेलात. १९९७ साली जॉर्न बार्गर यांनी ‘वेबलॉग’ हा शब्द आणला, १९९९ मध्ये पीटर मेरहोल्झ यांनी गमतीने तो ‘वी ब्लॉग’ असा तोडला आणि मागे ‘ब्लॉग’ उरला. तुमचा जीव मात्र त्यातल्या ‘लॉग’वर. पूर्वी जहाजाचा वेग मोजायला दोरीला बांधलेलं लाकूड पाण्यात सोडत आणि आलेला आकडा वहीत टिपत; ते लाकूड म्हणजे ‘लॉग’, आणि त्यावरून ती वहीही ‘लॉग’. ‘वादळ आलं नाही म्हणून वही कोरी राहत नाही,’ तुम्ही म्हणालात. ‘वारा कुठला आणि वेग किती, तेवढं लिही.’

मी भारावून रोज लिहायची शपथ घेतली. ती तुम्ही तिथल्या तिथे मोडायला लावलीत. घरात आजारपण असो की ऑफिसात मार्चअखेर, तरीही जमेल तेवढंच कबूल कर, म्हणालात. दर दुसऱ्या रविवारी एक नोंद, आणि हाताशी एक लिहून तयार असलेली. त्या राखीव नोंदीने मला किती वेळा वाचवलंय!

पण खरे आभार मानायचे आहेत ते चष्म्यासाठी. बाबांवर लिहिलेला लेख तुम्हाला पाठवला होता. सुरुवात होती, ‘आजच्या धावपळीच्या जीवनात नात्यांमधला ओलावा हरवत चालला आहे.’ पुढे असेच तीन परिच्छेद. तुम्ही ते सगळे खोडलेत आणि चौथ्या परिच्छेदाच्या मधल्या एका वाक्याखाली रेघ मारलीत: ‘बाबांच्या चष्म्याची काडी काळ्या दोऱ्याने बांधलेली होती.’ शेजारी प्रश्न, ‘दोरा कोणी बांधला?’ मी आईला विचारलं. बाबांनीच बांधला होता; नवा चष्मा कपाटात तसाच ठेवून, कारण जुन्यातून वाचायची सवय होती. लेख तिथून नव्याने लिहिला. साडेतीनशे शब्दांचा झाला. आईने तो दोनदा वाचला आणि काही न बोलता कपाट उघडून नवा चष्मा दाखवला. अजून त्याला पाकिटातला कागद चिकटलेला होता.

आईला आधी दाखवायचा, हाही तुमचाच आग्रह. ‘आठवण तुझी असली तरी माणूस तुझ्या एकट्याचा नाही.’ मला तेव्हा ही अडचण वाटली होती. भावाबद्दलची एक नोंद त्याच्या सांगण्यावरून मी मागे घेतली, आणि आज वाटतं, बरं झालं.

एका बाबतीत मात्र मी तुमचं ऐकत नाही. वाचकांचे आकडे बघू नकोस म्हणता, मी बघतो. रविवारी रात्री दोनदा, सोमवारी सकाळी एकदा. पूर्वी तासातासाला बघायचो, एवढी सुधारणा पदरात घ्या.

प्रत्येक नोंदीची प्रत स्वतःजवळ ठेवायला लावलीत, तेव्हा तो तुमचा जुन्या वळणाचा हट्ट वाटला होता. फुकट वेबसाइट बनवू देणारी जिओसिटीज ही सेवा २००९ मध्ये बंद पडल्याचं उदाहरण तुम्ही दिलंत, मी मान डोलावली. पुढे मी लिहीत होतो ती फुकट सेवाही गुंडाळली गेली. तेव्हा माझी एकही ओळ गेली नाही.

काल मोजल्या, नोंदी एकोणसत्तर झाल्या. मसुद्यांच्या फोल्डरात आता चारच आहेत, त्यातला एक राखीव.

हे पत्र सगळ्यांसमोर ठेवण्याआधी रिवाजाप्रमाणे तुम्हाला पाठवलं होतं. तुम्ही पहिला परिच्छेद उडवलात. तो इथे नाही.

तुमचा,
दर दुसऱ्या रविवारचा विद्यार्थी