पाटी लावून ताटातलं उष्टं कमी होत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंदूरच्या स्वच्छतेबद्दल तुमच्या पत्रात अधूनमधून कौतुकाने लिहून येतं. ते वाचून इथल्या आम्हा मराठी माणसांना बरं वाटतं. 2017 ते 2023 या काळात स्वच्छ सर्वेक्षणात आमचं शहर दर वर्षी पहिलं आलं. 2023 साली तो मान सुरतेबरोबर विभागून मिळाला, एवढंच. सकाळी नगर निगमच्या कचरागाडीचं गाणं ऐकू आलं की आमच्या रामबागेत आजोबांपासून शाळकरी मुलांपर्यंत सगळे ओला-सुका वेगळा घेऊन दारात येतात. मला त्याचा मनापासून अभिमान आहे. पण मी बरीच वर्षं एका कॉलेजच्या वसतिगृहाची मेस सांभाळते आहे, आणि तिथे रोज जे अन्न वाया जाताना बघते ते या कौतुकात कुठे येत नाही. म्हणून हे पत्र.

आमचा ओला कचरा देवगुराडियाला जातो. तिथे फेब्रुवारी 2022 मध्ये कचऱ्यापासून गॅस करणारा बायो-सीएनजीचा मोठा प्रकल्प सुरू झाला. दिवसाला 550 टन ओला कचरा घेण्याची त्याची क्षमता आहे आणि त्या गॅसवर शहरातल्या बस धावतात. प्रकल्प उत्तमच आहे. पण तो झाल्यापासून कॉलेजांमधून एक उत्तर मी फार ऐकते: वाया कुठे जातंय, गॅस होतोच आहे ना! हे उत्तर मला पटत नाही. टाकलेल्या भातातून थोडा गॅस मिळतो हे खरं, पण तो भात शिजवताना सिलिंडर जळलेला असतो. कुणीतरी पहाटे उठून तांदूळ निवडलेले, धुतलेले असतात. आणि ज्या पाण्यात तो शिजला ते नर्मदेचं पाणी जलूदहून सत्तर किलोमीटर पंपांनी चढवून इंदूरला आणलेलं असतं. देवगुराडियाला पोचेपर्यंत यातलं बहुतेक सगळं संपलेलं असतं.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 2024 साली अहवाल काढला, त्यात 2022 मध्ये जगात 105 कोटी टन अन्न वाया गेल्याचा हिशेब आहे. त्यातलं 60 टक्के घरांतलं आणि 28 टक्के हॉटेलं, कँटीन, मेस अशा ठिकाणचं. म्हणजे आमच्यासारख्यांचा वाटा लहान नाही.

मेसमध्ये अन्न वाया जाऊ लागलं की पहिला दोष मुलांना दिला जातो. मग भिंतीवर पाटी लागते, ‘उतना ही लो थाली में, व्यर्थ न जाए नाली में’. आमच्याकडेही ती आहे, आणि तिच्या खालच्याच पिंपात रोज उष्टं पडतं. मला मुलांना दोष देववत नाही. निमाडमधून, झाबुआकडून, विदर्भातून आलेली ही मुलं आहेत. कित्येकांच्या घरी शेती आहे आणि गहू कसा पिकतो हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. अन्नाची किंमत त्यांना कळत नाही असं म्हणणं त्यांच्यावर अन्याय आहे.

मग ती टाकतात का? मी पिंपाजवळ उभी राहून बघत आले आहे. पहिलं कारण रांग. दुपारी एक ते दीड या वेळात सगळ्या शाखा एकदम सुटतात आणि वाढायला टेबल एकच. एकदा ताट घेऊन बसल्यावर दुसऱ्यांदा भात हवा असेल तर पुन्हा सगळ्या रांगेमागे उभं राहायचं, आणि दोनला प्रॅक्टिकल. साहजिकच मुलगा पहिल्याच फेरीत चार पोळ्या आणि भाताचा डोंगर घेतो. भूक दोन पोळ्यांची निघाली की बाकीचं पिंपात. आम्ही एक लहान टेबल वेगळं मांडलं, फक्त पोळी, भात आणि वरणाचं, पुन्हा घेणाऱ्यांसाठी. तिथे रांग नाही. आठवड्याभरात पिंपातला भात डोळ्यांना दिसेल इतका कमी झाला. पाटी तीच होती आणि मुलंही तीच.

दुसरं कारण पोळी. सगळ्या पोळ्या अकरापर्यंत लाटून, भाजून डब्यात रचल्या की खालच्या वाफेने ओल्या होतात आणि वरच्या वातड. उशिरा येणाऱ्याच्या ताटात त्याच पडतात, मग तो मधलं खातो आणि कडा सोडतो. सकाळचे पोहे मात्र कधी वाया जात नाहीत. ते वाफेवर गरम राहतात, थोडे थोडे होतात, आणि शेव, कांदा, जिरावण मसाला ज्याचं त्याने वरून घालायचं असतं. पोळीलाही तेच लागू करावं. दोन-तीन घाण्यांत भाजावी, शेवटचा घाणा दीडच्या सुमारास. यात कामाचे तास वाढत नाहीत, फक्त बायकांच्या वेळा बदलाव्या लागतात. हे सांगताना मला काळजी एवढीच की वेळा बदलण्याच्या नावाखाली त्यांचा दुपारचा विश्रांतीचा तास कुणी कापू नये. तो त्यांना मिळालाच पाहिजे.

सगळ्यात मोठी नासाडी मात्र ताटात होत नाही, ती भांड्यात होते. शनिवारी संध्याकाळी निम्मी मुलं छप्पन दुकानला किंवा सराफ्यात खायला जातात, सणाच्या आदल्या दिवशी गावी जातात, पेपर संपला की पिक्चरला जातात. मेसला काही कळत नाही. स्वयंपाक पूर्ण संख्येचा होतो आणि पातेलंभर भाजी तशीच राहते. ताटातलं उष्टं दुसऱ्याला देता येत नाही. भांड्यातलं न वाढलेलं अन्न त्याच रात्री चौकीदार, सफाई कर्मचारी यांना गरम असताना देता येतं आणि आम्ही देतो, पण पातेलंभर कोण खाणार?

मुलं कळवत का नाहीत? कारण कळवून त्यांना काहीच मिळत नाही. मेसचे पैसे सत्राच्या सुरुवातीला भरलेले असतात. जेवलं काय, न जेवलं काय, एक रुपया परत नाही. ठेकेदारालाही नोंद झालेल्या सगळ्या मुलांचे पैसे मिळतात, तेव्हा आज किती जण येणार हे विचारण्याची गरज त्याला वाटत नाही. सगळ्यात कमी दराचं टेंडर ज्याचं त्याला काम द्यायचं, आणि त्या करारात वाया जाणाऱ्या अन्नाबद्दल एक ओळ नसायची, हे मी वर्षानुवर्षं बघते आहे. पर्यावरण दिनाला रोप लावताना फोटो निघतात, पण मेसचा करार कुणी उघडून बघत नाही. मला याचं खरोखर वाईट वाटतं, कारण एवढ्या हुशार माणसांनी भरलेल्या आवारात हे अवघड नाही. चार वाजेपर्यंत फोनवरून ‘आज नाही’ कळवलं तर त्या जेवणाचे पैसे पुढच्या महिन्यात वळते व्हावेत. एवढी अट घातली की मुलं आपणहून कळवतील.

कँटीनच्या चहाबद्दलही लिहायला हवं. करोनाच्या काळात काचेचे ग्लास गेले आणि कागदी कप आले. ते दिवस गेले, कप राहिले. कप कागदी म्हणून लोक निर्धास्त असतात, पण आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. चहाने ओला झालेला तो कप खतात कुजत नाही आणि भंगारवालाही घेत नाही. ग्लास परत आणा म्हटलं की पाण्याचं कारण पुढे केलं जातं, की इंदूरमध्ये पाणी मोलाचं, ग्लास कशाने धुवायचे? पाणी मोलाचं आहे हे मी वरच लिहिलं आहे. पण वाहत्या नळाखाली न धुता तीन टबांत ओळीने धुतले, शेवटच्या टबात गरम पाणी घेतलं, आणि पाणी बदलताना शेवटच्या टबातलं पहिल्या टबात ओतलं, तर फार लागत नाही. आमची ताटं अशीच निघतात. स्नेहसंमेलनासाठीही भाड्याची स्टीलची भांडी मिळतात. शहरात कार्यक्रमांना भांडी वापरायला देणाऱ्या बर्तन बँकेचा प्रयोग झालेलाच आहे.

घनकचऱ्याचे नियम 2016 साली आले, त्यांत दिवसाला सरासरी 100 किलोहून जास्त कचरा करणाऱ्या संस्थांना मोठे कचरा-उत्पादक धरलं होतं आणि ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितलं होतं. कॉलेजं आणि वसतिगृहं त्यात आली. खताचे खड्डे काही ठिकाणी झालेही. पण खड्डा भरतो कशाने, हे बघण्याची जबाबदारी कुणावर टाकलेली नाही.

नव्या सत्राचे मेसचे ठेके उन्हाळ्याच्या सुट्टीत ठरतात. इंदूरच्या प्राचार्यांना आणि वॉर्डनना माझी विनंती आहे की यंदाच्या करारात न जेवलेल्या जेवणाची सूट लिहावी, पुन्हा वाढण्याचं वेगळं टेबल सक्तीचं करावं, आणि ताटातलं व भांड्यातलं असं दोन्ही वजन रोज करून मेसच्या दारावर लिहायला लावावं. वजनकाटा भाजीसाठी प्रत्येक मेसमध्ये असतोच. आणि ठेकेदाराचं बिल पास करताना तो आकडा समोर ठेवावा.

आपली,
एका वसतिगृहाची मेस-व्यवस्थापिका,
रामबाग, इंदूर