मुंबईच्या आर्चडीकनांचा इतिहास लिहितोय, जुने फोटो, कागद आणि थोडे पैसे पाहिजेत

नमस्कार मंडळी, जय ख्रिस्त,

मुंबईच्या आर्चडीकन या पदाचा इतिहास आपली समिती मराठीत लिहून काढतेय हे बऱ्याच जणांना माहितीये. ज्यांना नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो, म्हणजे हे लोक पैसे नेमके कशाला मागतायत असं वाटायला नको.

आर्चडीकन म्हणजे अँग्लिकन चर्चमधे (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतलं प्रोटेस्टंट चर्च) बिशपच्या, म्हणजे धर्माध्यक्षाच्या, हाताखालचा मोठा अधिकारी. चर्चच्या इमारती धड आहेत का, पाळक लोक कामं नीट करतायत का, हे त्याने फिरून बघायचं आणि बिशपला कळवायचं. ईस्ट इंडिया कंपनीच्या १८१३ च्या चार्टर ॲक्टमधे अख्ख्या हिंदुस्थानाला मिळून एकच बिशप मंजूर झाला, तोही कलकत्त्याला, पगार वर्षाला ५,००० पौंड, आणि कलकत्ता, मद्रास, मुंबई असे तीन आर्चडीकन, प्रत्येकी २,००० पौंड. मुंबईला १८१४ मधे पहिले नेमले गेले जॉर्ज बार्न्स. आता बिशप बसलाय कलकत्त्यात, आणि पुढे तर न्यू साउथ वेल्सचा, म्हणजे सिडनीकडचा आर्चडीकनसुद्धा त्याच्याच हाताखाली दिला (खरंच, गंमत नाही), मग मुंबईत रोजचं सगळं बघणार कोण, तर आर्चडीकनच.

बिशप लांब असला की काय होतं त्याचं उदाहरण फोर्टातच आहे. ज्याच्यावरून चर्चगेट नाव पडलं ते सेंट थॉमस चर्च १७१८ च्या नाताळात उघडलं, पण चर्चचा समर्पणविधी बिशपनेच करायचा असतो आणि तो झाला १८१६ मधे, कलकत्त्याचे बिशप मिडल्टन इकडे आले तेव्हा. ९८ वर्षं वाट बघितली!

बार्न्स यांनी १८१५ मधे बॉम्बे एज्युकेशन सोसायटी काढली, तिच्या शाळा पुढे भायखळ्याला होत्या आणि देवळालीचं १९२५ चं बार्न्स स्कूल तिचंच. शाळेचं नाव सगळ्यांच्या तोंडी आहे, पण हे बार्न्स आर्चडीकन होते हे फार कमी जणांना माहीत असतं. मग थॉमस कार. ते आधी आर्चडीकन होते आणि १८३७ मधे मुंबई वेगळा धर्मप्रांत (एका बिशपच्या ताब्यातला इलाखा) झाल्यावर तेच पहिले बिशप झाले.

आमची अडचण इथून पुढे सुरू होते. बिशपच मुंबईत येऊन बसल्यावर आर्चडीकन मागच्या बाकावर गेला. बिशपांची यादी कुठेही मिळते, पण आर्चडीकनांची नावं तुकड्यातुकड्यात, कुठे पायाच्या दगडावर तर कुठे एखाद्या रजिस्टरमधल्या सहीत. त्यात १९२९ ला नाशिकचा वेगळा धर्मप्रांत झाला, १९३० ला इथलं चर्च इंग्लंडपासून स्वतंत्र झालं, १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, आणि दर वेळी कागद इकडून तिकडे गेले.

तर आता मुद्द्याचं. तुमच्या चर्चमधे, कबरस्तानात, कॅम्पातल्या जुन्या इमारतीवर 'आर्चडीकन' किंवा 'व्हेनरेबल' (आर्चडीकनच्या नावाआधी लावतात तो किताब) असं लिहिलेली पाटी दिसली तर फोटो पाठवा, मुंबई, पुणे, खडकी, नगर, मालेगाव, महाबळेश्वर, कुठलीही चालेल. अक्षरं झिजली असतील तर मोबाईलचा फ्लॅश समोरून मारू नका, संध्याकाळी दुसऱ्याला बाजूने टॉर्च धरायला सांगा, सावलीत अक्षरं उठून दिसतात. आणि कृपा करून दगडावर खडू, पीठ, तेल काही चोळू नका.

घरात आजोबा-पणजोबांचे बाप्तिस्म्याचे दाखले, चर्चची जुनी मासिकं, कन्फर्मेशनचे ग्रुप फोटो असतील तर मूळ वस्तू नको, स्कॅन द्या. फाटलेल्या पानाला सेलोटेप अजिबात लावू नका, आमच्याकडे आलेल्या एका रजिस्टरमधे टेप पिवळी पडून खालची शाई घेऊन निघून आली, आणि बाकीचं पान कसरीने खाल्लेलं, नुसती चाळण.

पैसे लागतायत ते ॲसिड नसलेल्या कागदाच्या फोल्डरांना, खोक्यांना आणि एका सेकंडहँड स्कॅनरला, जो पुस्तक पूर्ण न उघडता पान घेतो. लेखक-संपादक कुणी मानधन घेत नाहीये. शंभर रुपये दिले तरी पावती मिळेल, बिनपावतीचं कुणालाही देऊ नका, अगदी समितीतल्या माणसालासुद्धा. हिशेब दर महिन्याला उपासनेनंतर नोटीस बोर्डवर लागेल.

आणि पैशापेक्षा जास्त गरज आहे ती जुनं तिरकं इंग्रजी हस्ताक्षर वाचता येणाऱ्यांची. रिटायर्ड बँकवाले, कोर्टातले क्लार्क, शाळेतल्या बाई, रविवारी दोन तास आलात तरी खूप. चहा आमच्याकडून, फक्त तो रजिस्टरच्या टेबलावर नाही.

नावं पॅरिश ऑफिसमधे द्या.

आपली,
इतिहास समिती